पलीकडच्यांचं काम

मुलांनो, एक सांगा बघू. नदीला दोन काठ असतात. त्यातला अलीकडचा कोणता आणि पलीकडचा कोणता?

सोपं वाटलं ना? पण थांबा, हात वर करायची घाई करू नका. या एवढ्याशा प्रश्नापायी दोन राज्यांतली शहाणीसुरती माणसं कितीतरी महिने घोळ घालून बसली होती आणि एका कासारणीचा जीव मेटाकुटीला आला होता. तिचीच ही गोष्ट.

फार पूर्वी एका नदीच्या एका काठावर एका राजाचं राज्य होतं आणि दुसऱ्या काठावर दुसऱ्या राजाचं. दोन्ही राजे लांब, आपापल्या राजधानीत. नदीच्या एका काठाला चाफेगाव, दुसऱ्या काठाला शेवरगाव आणि मध्ये एक लहानसा पूल. दगडाचे खांब, खांबांवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मुरूम. रुंदी एका बैलगाडीपुरती. समोरून दुसरी गाडी आली, तर एकीनं मागं सरायचं. पुलाच्या बरोबर मधोमध चुन्याची पांढरी रेघ होती. रेघेच्या या बाजूला एक देश, त्या बाजूला दुसरा.

पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक चौकी आणि चौकीत एकेक नाकेदार. पण सीमा म्हणून फारशी कडक नव्हती. चाफेगावच्या म्हशी शेवरगावच्या कुरणात चरायच्या आणि चाफेगावच्या मुली शेवरगावात सुना म्हणून नांदायच्या. दोन गावांत भांडण असं कधी नव्हतंच. भांडण असतं तर एक वेळ समजलं असतं हो! नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं डोक्यात जाणारं आहे.

हा पूल दोन्ही गावांच्या वाडवडिलांनी मिळून बांधला होता. पूल पुरा झाला त्या दिवशी त्यांनी एक बोल घालून दिला होता. तो दोन्ही गावांत शेंबड्या पोरालाही पाठ होता:

‘पूल बांधावा दोघांनी, सांभाळावा पलीकडच्यांनी.’

चाफेगावात गजराबाई नावाची कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती रोज पूल ओलांडायची आणि दोन्ही गावांतल्या बायकांना बांगड्या भरायची. नवरा केव्हाच गेलेला. एकुलती एक लेक हौसा, ती शेवरगावात दिलेली. म्हणजे धंदाही पुलापलीकडे आणि काळीजही.

एक दिवस पुलाच्या मधोमध गजराबाईचा पाय अडखळला. पेटी कलंडली आणि हिरव्यागार बांगड्यांची एक माळच्या माळ खाली आली. कासारणीच्या तोंडी ‘बांगडी फुटली’ हा शब्द येत नाही, तो अशुभ. ‘बांगडी वाढली’ म्हणायचं.

“वाढल्या गं बाई! माळच्या माळ वाढली!” असं म्हणत तिनं खाली पाहिलं, तर पांढऱ्या रेघेखालच्या फळीला चांगली बोटभर चीर गेली होती.

ती मागं फिरली आणि आपल्या गावच्या नाकेदाराकडे गेली. नाकेदार तंबाखू मळत बसला होता.

“नाकेदारदादा, पुलाच्या फळीला चीर गेलीय.”

“गेली असेल.”

“मग?”

“मग काय? म्हणा बरं तो बोल. पूल बांधावा दोघांनी…”

“सांभाळावा पलीकडच्यांनी.”

“झालं तर! त्यांना जाऊन सांगा.” आणि त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. आता तासभर तो बोलणार नव्हता.

गजराबाई पूल ओलांडून पलीकडच्या नाकेदाराकडे गेली. हा माणूस फार अदबीचा. त्यानं तिला बसायला घोंगडी दिली, गूळपाणी दिलं.

“फळीचं म्हणता ना? अगदी बरोबर बोललात. एवढा मोलाचा पूल आणि ही हेळसांड! लाज वाटली पाहिजे पलीकडच्यांना.”

“अहो, मी तिकडूनच येतेय. ते म्हणतात, पलीकडचे म्हणजे तुम्ही.”

नाकेदार मोठ्यांदा हसला. “आम्ही? बाई, माझा आजा या काठावर जन्मला, बाप या काठावर जन्मला, मी या काठावर जन्मलो. आम्ही तीन पिढ्यांचे अलीकडचे! असं रातोरात कुणी पलीकडचं होतं का?”

गजराबाईनं पेटी उचलली आणि घरची वाट धरली. येताना ती मनाशी चरफडत होती. आपला नाकेदार उर्मट आहे खरा, पण बोलला ते काही खोटं नाही. काम पलीकडच्यांचं आहे आणि ते पलीकडचे गूळपाणी पाजून अंग काढून घेताहेत.

थोड्याच दिवसांत निरोप आला की हौसाला दिवस गेले आहेत. गजराबाईच्या पायांना जणू पंख फुटले. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी. आणि दुसरं असं की, शेवरगावात सुईणच नव्हती. तिथल्या बायकाही बाळंतपणाला पूल ओलांडून चाफेगावच्या म्हाताऱ्या सुईणीकडेच यायच्या. लेकीला वेळेत आणायची, एवढा एकच ध्यास गजराबाईला लागला.

पण काय सांगू तुम्हाला! इकडे हौसाचं पोट वाढत होतं, तसतशी तिकडे पुलाची चीरही वाढत होती. हौसाला चिंचेचे डोहाळे लागले, तेव्हा चिरेचं भोक झालं होतं. डोहाळे सरले, तोवर भोकातून खालची नदी दिसायला लागली.

मग दोन्ही गावं जागी झाली. फळी घालायला नव्हे हो! चाफेगावानं रेघेच्या अलीकडे लाल फडकं बांधलं. ते पाहून शेवरगावानंही आपल्या बाजूला लाल फडकं बांधलं, आणि ते जरा मोठं बांधलं. मग चाफेगावानं भोक दाखवायला एक माणूस उभा केला. लगेच शेवरगावानंही केला. दोघं दिवसभर समोरासमोर उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “सांभाळून बरं का, भोक आहे.”

“दिसतंय मला!” गजराबाई करवादायची. “एवढी माणसं त्या भोकाची चाकरी करताहेत, त्यापेक्षा एकानं फळी आणली असती तर! आता शेंदूर तेवढा फासा त्याला आणि नारळ फोडा!”

हौसाच्या डोहाळजेवणाला गजराबाई हिरवी साडी, हिरवा चुडा घेऊन शेवरगावला गेली. लेकीचा हात हातात घेऊन तिनं एकेक बांगडी अशी चढवली, की हौसाला कळलंसुद्धा नाही. मग ती विहिणीला म्हणाली, “आता पोरीला मी घेऊन जाते.”

विहीण पदर सावरत म्हणाली, “न्या की, विहीणबाई. आम्ही का धरून ठेवलीय? पण गाडी जाणार कशी? तुमच्या लोकांना आधी पूल नीट करायला सांगा.”

“आमच्या लोकांना? काम तुमच्या लोकांचं आहे!”

“आमचं कसं? आम्ही अलीकडचे.”

“अलीकडचे आम्ही!”

“बघा बाई,” विहीण म्हणाली, “बांगड्या विकता विकता तुम्हाला काठसुद्धा कळेनासा झाला. पूल होऊ दे, दुसऱ्या दिवशी पाठवते सुनेला.”

“आमचा हट्ट म्हणजे हट्ट आणि तुमचा म्हणजे रीत, होय ना?” असं बोलून गजराबाई उठली. ओटीचे तांदूळ तसेच राहिले. येताना भोकापाशी उभ्या असलेल्या माणसानं म्हटलं, “सांभाळून बरं का,” तर तिनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो बिचारा दोन पावलं मागं सरला.

शेवटी दोन्ही गावच्या पंचांनी पुलावर बैठक घ्यायची ठरवली. चाफेगावच्या पंचांनी रेघेपर्यंत आपली सतरंजी अंथरली, शेवरगावच्या पंचांनी आपली. मध्ये भोक. पानसुपारीची तबकं भोकावरून इकडून तिकडे फिरली. भाषणं झाली. वाडवडिलांची आठवण काढून दोन-तीन जणांनी डोळेही पुसले. मग चाफेगावचा पाटील उभा राहिला.

“मंडळी, वाडवडिलांचा बोल मोडायचा नाही. पुलाचं काम पलीकडच्यांनी करावं. कबूल?”

“कबूल! कबूल!” दोन्ही सतरंज्यांवरून एकच गजर झाला. शेवरगावचे हात तर आधी वर गेले.

इतका एकमतानं झालेला ठराव त्या दोन राज्यांत कुणी पाहिला नव्हता. पंचांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले, सतरंज्या गुंडाळल्या आणि पलीकडचे आता काम कधी सुरू करतात याची वाट पाहत सगळे आपापल्या घरी जाऊन बसले.

गजराबाईनं कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं, तर ‘कबूल’ म्हणताना तिचाही आवाज त्यात होता.

वाट पाहता पाहता पुलाच्या आणखी दोन फळ्या कुजून गळून पडल्या. आता या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ खिंडार झालं. एका बाजूची तुळई तेवढी शाबूत होती. धडधाकट माणूस कठड्याला धरून, जीव मुठीत घेऊन त्या तुळईवरून कसाबसा जायचा. गाडीची तर गोष्टच सोडा. खाली नदीचा खोल डोह आणि काळे खडक.

आणि एका दुपारी शेवरगावच्या बाजूनं बैलगाडी धावत आली. जावई गाडी हाकत होता, विहीण आत बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हौसा कण्हत होती. दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या होत्या.

निरोप मिळताच गजराबाई म्हाताऱ्या सुईणीला घेऊन पुलावर आली. खिंडारापाशी येऊन सगळे थांबले. सुईणीनं तुळईकडे पाहिलं आणि मान हलवली.

“गजरा, माझे गुडघे मला उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि या तुळईवरून मी कशी जाऊ? गेले तर खालीच जाईन. पोरीला इकडं आणा. आणि लवकर आणा गं. आवाजावरून मला बरं लक्षण दिसत नाही. मूल आडवं असलं तर हात लावायला मी जवळ हवी.”

हौसाला उचलून तुळईवरून आणायचं म्हटलं, तर तिथं एका माणसाचा पाय टेकायला जागा नव्हती. मग दोघांनी मिळून उचलायची कशी?

गजराबाईचा संयम सुटला. खिंडाराच्या काठाशी उभी राहून ती पलीकडे बघत ओरडली, “अहो पलीकडचे! माणसं आहात का कोण आहात? फळी टाका की!”

त्याच क्षणी समोरून विहीण गाडीतून ओरडली, “अहो पलीकडचे! जीव आहे का नाही तुम्हाला? फळी टाका की!”

दोन्ही हाका खिंडाराच्या बरोबर मध्यावर एकमेकींवर आदळल्या.

मग गाडीतून हौसाचा बारीक आवाज आला. “आई… तू तरी पलीकडून काहीतरी कर गं…”

गजराबाईच्या काळजात चर्र झालं. पलीकडून?

ती आपल्याच गावच्या बाजूला, आपल्याच काठावर उभी होती. जन्मभर ती याच काठाला अलीकडचा काठ म्हणत आली होती. आणि पोटची पोर तिला पलीकडची म्हणत होती. ती काही चुकीचं बोलत नव्हती. तिथं गाडीत पडून तिला आई पलीकडेच दिसत होती.

गजराबाईनं मागं वळून पाहिलं. मागं तंबाखू मळणारा नाकेदार होता, भोक दाखवायला उभा केलेला माणूस होता, बघे होते. ज्यांची ती इतके दिवस वाट बघत होती, ते पलीकडचे कुठून येणार होते? ती स्वतःच तर पलीकडची होती! वाडवडिलांनी बोल घातला तेव्हा दोन्ही गावं समोरासमोर उभी असणार. दोघंही एकमेकांचे पलीकडचे. म्हणजे पूल दोघांनीही सांभाळायचा होता. आणि तिनंसुद्धा आजवर नुसत्या हाकाच मारल्या होत्या.

ती धावत सुटली. तिचं घर पुलाच्या तोंडाशीच होतं. घराचं जाड सागवानी दार तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचलून बिजागऱ्यांतून काढायला लागली.

शेजारीण धावत आली. “अगं गजरा, वेड लागलं का? दार काढून घर उघडं टाकतेस? चोर आले म्हणजे?”

“येऊ देत. बांगड्या भरून पाठवते! तू आधी ते टोक धर.”

दोघींनी आणि वाटेतल्या चार जणांनी मिळून दार पुलावर आणलं. नाकेदार आडवा आला. त्यानं तोंडातली तंबाखूसुद्धा थुंकून टाकली, यावरून काय ते समजा.

“बाई, हे चालायचं नाही! आपण एकदा लाकूड टाकलं, की हे काम कायमचं आपल्या गळ्यात पडेल!”

“गळ्यात पडलेलं परवडलं, दादा. नदीत पडण्यापेक्षा बरं. सरका बाजूला.”

दार खिंडारावर आडवं पडलं. दोन्हीकडच्या शाबूत फळ्यांवर ते चांगलं टेकलं. पण लगेच जावयानं डोक्याला हात लावला.

“सासूबाई, एकच चाक मावतंय याच्यावर. दुसरं चाक कुठं ठेवू?”

खरंच होतं. दार एका चाकापुरतं होतं. उरलेल्या अर्ध्या खिंडारातून खालचा डोह तसाच दिसत होता.

गजराबाईनं समोर पाहिलं. विहीण गाडीतून खाली उतरून उभी होती. भांडणानंतर दोघींची नजरानजर पहिल्यांदाच होत होती.

“विहीणबाई,” गजराबाई म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. “मी पलीकडची. माझ्या वाटचं मी आणलं. पण मला इथून तुम्हीसुद्धा पलीकडच्याच दिसता हो.”

विहीण दाराकडे बघत राहिली, मग गजराबाईच्या उघड्या पडलेल्या घराकडे. मग गर्रकन वळली आणि आपल्या अदबशीर नाकेदारासमोर जाऊन उभी राहिली.

“चौकीचं दार काढा.”

“अहो वहिनी, ते सरकारी दार आहे. बसा, पाणी घ्या…”

“तुमचं गूळपाणी ठेवा तिकडं! माझी सून अडलीय आणि मी पाणी पीत बसू? तुम्ही काढता का मी काढू?”

तिनं पदर खोचलासुद्धा. मग काय, नाकेदारानं स्वतःच दाराला खांदा दिला. भोक दाखवायला उभा असलेला शेवरगावचा माणूस इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच जागचा हलला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. चौकीचं दार गजराबाईच्या दाराशेजारी येऊन पडलं. दोन्ही दारांखाली पांढरी रेघ पार झाकून गेली.

बैल सोडले. चाफेगावच्या माणसांनी पुढून जू धरलं, शेवरगावच्या माणसांनी मागून रेटा दिला. दारं करकरली. एक चाक गजराबाईच्या दारावरून आलं, दुसरं चौकीच्या दारावरून. “हळू! हळू रे!” दोन्ही विहिणी दोन बाजूंनी गाडी धरून एकाच सुरात ओरडत होत्या. गाडी पार झाली. सुईणीनं तिथंच गाडीत चढून हौसाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “आलात वेळेवर. अजून माझ्या हातात आहे. चला, घरी चला.”

गजराबाईच्या घराला त्या दिवशी दार नव्हतं. विहिणीनं आपलं घोंगडं दाराच्या चौकटीवर बांधलं आणि उंबऱ्यात पाय रोवून बसली. कुणाची आत डोकवायची छाती झाली नाही.

तात्पर्य: आपापल्या काठावर सगळेच अलीकडचे असतात, पण समोरच्या काठावरून पाहिलं तर पलीकडचे आपणच असतो. म्हणून ‘हे काम पलीकडच्यांचं’ असं तोंडात आलं, की आपणच उठावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाला मुलगी झाली. चाफेगावचे आणि शेवरगावचे सुतार फळ्या घेऊन पुलावर आले आणि ऊन चढायच्या आत त्यांनी खिंडार बुजवलं. दोन्ही नाकेदारांनी आपापल्या राजाकडे सांगावा धाडला, ‘पुलाचं काम पलीकडच्यांनी केलं.’